हॉस्पिटलने नवीन काँट्रॅक्ट हातात दिलंय? सही करायच्या आधी काय बघायचं आणि सही केल्यावर काय करायचं

मालक बदलला की साधारण तीन-चार महिन्यांत प्रत्येक कन्सल्टंटच्या मेलवर एक पीडीएफ येते. वीस-बावीस पानं, बारीक अक्षर, आणि पाठोपाठ एचआरचा फोन, "मॅडम, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा हं, बाकी सगळ्यांनी केलीये." पुणे, नाशिक, नागपूर कुठेही विचारा, डॉक्टरांनी किंवा ट्रस्टने उभं केलेलं हॉस्पिटल एखाद्या चेनकडे गेलं की हाच अनुभव ऐकायला मिळतो. आमच्याकडे झालं तेव्हा मी तिथे नऊ वर्षं जनरल सर्जरी करत होते आणि एवढ्या वर्षांत माझ्याकडे कागद म्हणाल तर एक पानाचं पत्र, त्यावर जुन्या मेडिकल डायरेक्टर सरांची सही, बाकी सगळं तोंडी आणि विश्वासावर. त्यामुळे पीडीएफ उघडली तेव्हा लक्षात आलं की हे वाचायचं कसं तेच आपल्याला कोणी कधी सांगितलेलं नाही, एमबीबीएस आणि एमएस धरून एवढी वर्षं शिकलो त्यात यावर एक तास सुद्धा नव्हता.

पुढचे पाच महिने आम्ही बोलणी केली, आणि त्यानंतर जवळपास सहा महिने ठरलंय ते खरंच लागू होतंय का याच्या मागे लागलो. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. वकिलाला दाखवायचंच, ते टाळू नका, पण वकिलाला हॉस्पिटलचं बिलिंग कसं चालतं ते माहीत नसतं आणि खरी गोम तिथेच असते.

पहिलं काम: फोनवर "हो" म्हणू नका

"सगळ्यांनी केलीये" हे आमच्या बाबतीत खरं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी आणि आमच्या एका सीनियर फिजिशियन सरांनी मिळून फोन लावले, एक्केचाळीस कन्सल्टंटपैकी सहा जणांनी सही केली होती. एचआरला नम्रपणे एक मेल टाका, ड्राफ्ट मिळाला, वाचतेय, अमुक तारखेपर्यंत मुद्दे कळवते, तोपर्यंत सध्याच्या अटींवर काम चालू राहील. शेवटचं वाक्य नक्की टाका. नाहीतर उद्या कोणी म्हणू शकतं की पीडीएफ मिळाल्यानंतर तुम्ही काम करत राहिलात म्हणजे नवीन अटी तुम्हाला मान्य होत्या.

मग कागद गोळा करा. मागच्या बारा महिन्यांची पेआउट स्टेटमेंट, जुनं पत्र, तोंडी ठरलेल्या गोष्टींचे मेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज, २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसची आयकर खात्याकडची नोंद), स्वतःच्या इन्डेम्निटी पॉलिसीची, म्हणजे पेशंटने दावा केला तर कामी येणाऱ्या विम्याची कॉपी. हे हाताशी नसेल तर बोलायला बसूच नका, समोरच्या माणसाकडे तुमचा प्रत्येक पेशंट एक्सेलमध्ये असतो.

तुम्ही नोकर आहात की व्यावसायिक, हे आधी ठरवा

ड्राफ्टचं पहिलं पान नीट वाचा. पे-रोलवर घेतायत की प्रोफेशनल म्हणून एंगेज करतायत? पे-रोलवर असाल तर पगाराचा टीडीएस स्लॅबप्रमाणे कापला जातो, पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा हे सगळं येतं. प्रोफेशनल असाल तर फीवर १० टक्के टीडीएस, ज्याला आपण १९४जे म्हणतो तो. आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे नंबर बदललेत आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू, पण बोलताना सगळे अजून १९४जेच म्हणतात. प्रोफेशनल असण्याचा फायदा म्हणजे खर्च दाखवता येतो, आणि वर्षाची एकूण फी ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीत आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत ठेवून ७५ लाखांपर्यंत असेल, तर अर्धी रक्कम उत्पन्न धरून रिटर्न भरायची सोय आहे. तोटा असा की नोकरदाराला कायद्याने जे संरक्षण मिळतं त्यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही, जे हवं ते काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्यावं लागतं.

घोळ कुठे होतो? नाव प्रोफेशनल द्यायचं आणि अटी नोकराच्या लावायच्या. बायोमेट्रिक, ठरलेली वेळ, रजेसाठी परवानगी, बाहेर प्रॅक्टिस बंद, आणि पीएफ मात्र नाही. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकच्या टीडीएसच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने २०१५ मध्ये हाच मुद्दा तपासला होता, तिथे ठरावीक रक्कम मिळणाऱ्या कन्सल्टंट डॉक्टरांना कोर्टाने नोकर धरलं नाही. म्हणजे दरमहा फिक्स रक्कम येते एवढ्यावरून कोणी नोकर होत नाही, अटी काय आहेत ते बघितलं जातं. आम्ही सरळ म्हटलं, प्रोफेशनल म्हणताय ना, मग बायोमेट्रिक काढा आणि ओपीडीच्या वेळा दोघांच्या संमतीने बदलतील असं लिहा. दोन्ही झालं.

पे-रोलवर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, नेमणुकीचं पत्र देणं आता बंधनकारक आहे, फिक्स्ड टर्मवर असाल तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, आणि नोकरी सोडल्यावर पगाराची देणी दोन कामाच्या दिवसांत द्यायची तरतूद आहे. ड्राफ्टमध्ये फुल अँड फायनल ४५ किंवा ६० दिवसांनी असं जुनंच छापलेलं असतं, ते दाखवून द्या.

एकेकटं जाऊ नका

मार्डची, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेची मुलं विद्यावेतनासाठी एकत्र जाऊन सरकारशी बोलतात, आणि आपण कन्सल्टंट झालो की प्रत्येकजण स्वतःच्या केबिनमध्ये गप्प. मॅनेजमेंटला तेच सोयीचं असतं, कारण प्रत्येकाला वेगळा आकडा सांगता येतो आणि वर "हे कोणाला सांगू नका" असंही सांगता येतं.

पाच-सहा जणांची कमिटी करा, पण एकाच स्पेशालिटीची नको, आमची पहिली चूक हीच झाली. पहिल्या मीटिंगला आम्ही चार सर्जन आणि एक ऑर्थोपेडिक सर, मुद्दे सगळे ऑपरेशनच्या फीचे. आयसीयूवाल्यांचा प्रश्न शिफ्ट आणि नाईटचा, फिजिशियनचा आयपीडी व्हिजिटचा, रेडिओलॉजीचा रिपोर्टमागे दराचा आणि ॲनेस्थेशियावाल्यांचा तर हा की त्यांची फी सर्जनच्या फीच्या टक्क्यात बांधलेली, आमची कमी झाली की त्यांची आपोआप कमी. आम्ही त्यांना विचारलंच नाही आणि आयसीयूच्या तिघांनी कंटाळून वेगळं जाऊन सही केली. नंतर कमिटी बदलली, प्रत्येक गटाचा एक माणूस घेतला, तेव्हा कुठे बोलण्याला वजन आलं.

मीटिंगचे काही नियम आम्ही पाळले, तुम्हीही पाळा. दोघांपेक्षा कमी जणांनी कधी भेटायचं नाही. एकाने फक्त लिहायचं. त्याच रात्री मेल टाकायचा, आज अमुक मुद्द्यांवर असं बोलणं झालं, काही चुकलं असेल तर कळवा. समोरून उत्तर आलं नाही तरी तो मेल पुढे फार उपयोगी पडतो, कारण दर दीड महिन्याने युनिट हेड नाहीतर एचआर हेड बदलतो आणि नवीन माणूस म्हणतो मला काही माहीत नाही. आणि ओपीडी बंद ठेवू, इमर्जन्सी घेणार नाही, हे शब्द आम्ही एकदाही तोंडातून काढले नाहीत. पेशंटला मध्ये आणायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि मला आजही वाटतं की आमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं त्याचं एक कारण ते होतं.

टक्का सोडा, टक्का कशावर ते विचारा

या एका गोष्टीवर तुमचा निम्मा वेळ खर्च करा.

आमच्या जुन्या पद्धतीत लॅप गॉलब्लॅडरला सर्जन फी २५,००० ठरलेली, त्यातले ८५ टक्के मला, म्हणजे २१,२५०. असिस्टंटचे पैसे हॉस्पिटल वेगळे द्यायचं. नवीन ड्राफ्टमध्ये होतं "नेट रियलायझेशनच्या २४ टक्के". समजावायला आलेल्या फायनान्सच्या माणसाने कॅल्क्युलेटर पुढे केला, मॅडम पॅकेज ९०,००० चं, त्याचे २४ टक्के २१,६००, म्हणजे तुमचे साडेतीनशे वाढलेच की. ऐकायला बरोबर वाटतं आणि खरं सांगते, आमच्यातल्या दोन-तीन जणांचं तिथेच समाधान झालं होतं.

मग व्याख्येचं पान उघडलं. ते सतराव्या पानावर होतं, २४ टक्के तिसऱ्या. नेट रियलायझेशन म्हणजे बिलातून औषधं आणि कन्झ्युमेबल वजा, इन्शुरन्स कंपनीला दिलेला डिस्काउंट वजा, आणि कलेक्शन खर्च म्हणून ३ टक्के वजा. त्याच टेबलावर कागद घेऊन मांडलं. ९०,००० मधून सामान ३०,०००, राहिले ६०,०००. टीपीएचा (इन्शुरन्सचे क्लेम हाताळणारी मधली कंपनी) डिस्काउंट १० टक्के, तोही पूर्ण पॅकेजवर, म्हणजे ९,०००, राहिले ५१,०००. कलेक्शनचे ३ टक्केही पूर्ण पॅकेजवर, २,७००, राहिले ४८,३००. त्याचे २४ टक्के ११,५९२. आणि पुढच्या क्लॉजमध्ये असिस्टंटचे १० टक्के सर्जनच्या हिश्श्यातून, म्हणजे आणखी १,१५९ गेले. हातात १०,४३३, त्यावर टीडीएस वेगळा. २१,२५० चे १०,४३३ झाले आणि बोलण्यात मात्र वाढ. तो फायनान्सचा मुलगा तरुण होता, त्यालाही वरून जे सांगितलं तेच तो सांगत होता, कागद बघून तो बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणून करायचं काय, तर तुमची वर्षभरात जास्तीत जास्त होणारी वीस-तीस प्रोसिजर काढा आणि प्रत्येकीचा हिशोब ड्राफ्टच्या व्याख्येप्रमाणे रुपयात मांडा, कॅश पेशंटचा वेगळा, टीपीएचा वेगळा, सरकारी योजनेचा वेगळा. मग मागणी टक्क्यात करू नका, रुपयात करा. आम्ही शेवटी तेच मिळवलं, बत्तीस प्रोसिजरची यादी, प्रत्येकीपुढे पेयरप्रमाणे (बिल कोण भरतं त्याप्रमाणे) डॉक्टरची फी रुपयात, परिशिष्ट म्हणून काँट्रॅक्टला जोडलेली, आणि दरवर्षी हॉस्पिटलचा टॅरिफ जितका वाढेल तितकीच ती वाढेल असं एक वाक्य. यादीत नसलेल्यांना टक्का लागू, पण तो सर्जन फीवर, नेटवर नाही. हॉस्पिटलने मार्केटिंगसाठी कोणाला डिस्काउंट दिला तर तो डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याच्या फीमधून कापायचा नाही हेही लिहून घ्या.

याच्या जोडीला आणखी एक प्रश्न, पैसे बिल झालं की देणार की इन्शुरन्सकडून आले की देणार? "आले की" असेल तर तुमचे पैसे चार-पाच महिने अडकतात आणि क्लेम नाकारला गेला तर कायमचे जातात. आमचं ठरलं ते असं की बिल झालेल्या महिन्याच्या हिशोबाने पेआउट पुढच्या महिन्याच्या २० तारखेला, आणि टीपीएने काही कापलं तर ते डॉक्टरच्या नोट्स अपुऱ्या असल्यामुळेच कापलं गेलं असेल तरच डॉक्टरकडून वजा, त्यासाठीही टीपीएचं पत्र दाखवायचं.

एमजीचा हिशोब महिन्याचा की तिमाहीचा

नवीन जॉइन होणाऱ्याला मिनिमम गॅरंटी, म्हणजे एमजी, फार आकर्षक वाटते. एमजी किंवा केलेल्या कामाची फी, जे जास्त असेल ते, असं लिहिलेलं असतं. पण हे महिन्याला बघायचं की तीन महिन्यांनी एकत्र? समजा एमजी ३ लाख. एप्रिलमध्ये काम २.२ लाखांचं, मे मध्ये शाळांना सुट्ट्या म्हणून हर्निया, गॉलब्लॅडर वगैरे जास्त, ४.१ लाख, जूनमध्ये २.६. महिन्याला बघितलं तर ३ अधिक ४.१ अधिक ३ म्हणजे १०.१ लाख. तिमाहीला बघितलं तर एकूण काम ८.९, गॅरंटी ९, म्हणून मिळणार ९ लाख. एका शब्दाचा फरक १.१ लाख, तोही एका तिमाहीत. हे माझ्या एका ज्युनियरला वर्ष संपल्यावर कळलं, वर्षभर तिला वाटत होतं बिलिंगमध्ये चूक होतेय.

एमजी किती महिने, संपल्यावर काय, आणि हॉस्पिटलनेच ओपीडीचे स्लॉट कमी केले किंवा त्याच स्पेशालिटीचा दुसरा माणूस आणला तर एमजी वाढवून मिळणार का, हे विचारा. आणि एमजीला टार्गेट जोडलेलं असेल, महिन्याला इतकी ॲडमिशन, इतके एमआरआय, तर ते काढायलाच लावा. २००२ च्या नैतिक आचार नियमांत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन किंवा सूट घेणं-देणं बंद आहे, आणि उद्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसमोर उत्तर तुम्हाला द्यायचंय, एचआरला नाही. यावर अजिबात मागे हटू नका. आपण एखाद्याला ॲडमिट कर म्हणतो तेव्हा त्या माणसाचा आपल्यावर विश्वास असतो, तो आकड्याला बांधू द्यायचा नाही.

बाहेर प्रॅक्टिस, बाँड, आणि सोडून गेल्यावर

काँट्रॅक्ट चालू असताना दुसरीकडे काम करू नका ही अट कोर्ट मान्य करतं, सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या प्लँटवरच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९६७ सालीच ते सांगितलंय. त्यामुळे ही अट चालणार नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, सवलती लिहून घ्या: स्वतःचं संध्याकाळचं क्लिनिक, शिकवणं, गावाकडचे कॅम्प, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अडलेल्या केसला मदतीला जाणं. सोडल्यानंतर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस नाही, असली अट मात्र भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली टिकत नाही. पण त्यावर निर्धास्त राहू नका, कारण बहुतेकदा ते कोर्टात जातच नाहीत, शेवटचे तीन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवतात. म्हणून देणी कोणत्याही कारणाने रोखता येणार नाहीत असं वेगळं वाक्य हवं.

रोबोटिक वगैरे ट्रेनिंगला पाठवून बाँड घेतात, तो टिकू शकतो. विजया बँकेच्या केसमध्ये २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली. तेव्हा बाँडची रक्कम खऱ्या खर्चाएवढीच असावी आणि जितके महिने काम केलं तितक्या प्रमाणात ती कमी होत जावी, एवढं बघा.

नोटीस दोन्हीकडून सारखीच हवी. आमच्या ड्राफ्टमध्ये डॉक्टरने तीन महिने द्यायची आणि हॉस्पिटल "तात्काळ" काढू शकणार, हे कसं चालेल? तीन-तीन महिने करून घेतलं, आणि नोटीसच्या काळात ओपीडी आणि ओटीचे स्लॉट काढून घ्यायचे नाहीत हेही. तुमचा पेशंट फॉलोअपला आला तर रिसेप्शनने तुमचा पत्ता सांगावा, हे पण लिहून मागा. आम्हाला ते पूर्ण मिळालं नाही, सहा महिने सांगतील एवढंच मिळालं.

केस झाली तर कोण भरणार

नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं की डॉक्टर पगारी असो की व्हिजिटिंग, पेशंटपुढे हॉस्पिटल जबाबदार. त्यामुळे हॉस्पिटलं काय करतात, हॉस्पिटलला पेशंटला द्यावे लागलेले सगळे पैसे डॉक्टरकडून वसूल करायचा क्लॉज टाकतात, वकिलाच्या फीसकट. नर्सिंगची चूक, ऑक्सिजन लाइनची चूक, रक्ताच्या बॅगची चूक, सगळं त्यात येतं जर शब्द नीट नसतील. तिथे "फक्त डॉक्टरच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, तो सक्षम कोर्टाने ठरवल्यावर, आणि विम्याच्या रकमेपर्यंतच" असं घालून घ्या आणि तेवढीच जबाबदारी हॉस्पिटलने तुमच्या बाबतीतही घ्यावी.

पॉलिसी कोणाची ते बघा. हॉस्पिटलच्या ग्रुप पॉलिसीत असाल तर सोडल्यावर ती संपते आणि या पॉलिसी क्लेम आला त्या दिवशी चालू असाव्या लागतात. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं असतात, उशीर माफही होतो. स्वतःची पॉलिसी एक दिवस सुद्धा खंड न पाडता चालू ठेवा.

वाद झाला तर लवाद कोण? ड्राफ्टमध्ये हॉस्पिटलचा मॅनेजिंग डायरेक्टर नेमेल तो, आणि जागा चेनच्या हेड ऑफिसच्या शहरात. एकाच बाजूने लवाद नेमणं २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर चालत नाही, हे सांगितलं की लगेच बदलतात. जागा तुमचं शहर करून घ्या.

ट्रस्ट, योजना, बाळंतपण, आणि आरएमओ

ट्रस्टचं हॉस्पिटल चेनने चालवायला घेतलं तरी मूळ ट्रस्ट असतोच, आणि धर्मादाय हॉस्पिटलला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१एए आणि मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी ठेवाव्याच लागतात, बिलाच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. त्या पेशंटची तुमची फी शून्य धरणार का, आणि धरली तर ते काम एमजीच्या हिशोबात मोजणार का? आमच्यातल्या एकानेही त्या पेशंटची फी मागितली नाही, मागायचीही नव्हती. पण ते काम मोजा एवढं म्हटलं, नाहीतर जो डॉक्टर गरिबांची ऑपरेशनं जास्त करतो त्याचाच आकडा खाली दिसतो आणि रिव्ह्यूमध्ये त्यालाच बोलणी बसतात. महात्मा फुले योजनेच्या केसेसचंही तसंच.

पे-रोलवरच्या डॉक्टरला २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा कायद्याने मिळते, प्रोफेशनल म्हणून घेतलेलीला काहीच नाही. एका हॉस्पिटलमध्ये माझ्या मैत्रिणीची एमजी सातव्या महिन्यात थांबवली होती, काँट्रॅक्टप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. आम्ही तीन महिने अर्धी एमजी आणि परत आल्यावर तेच ओपीडी स्लॉट एवढं लिहून घेतलं, बोलणी सुरू होताना हा मुद्दा यादीत नव्हताही. तुमच्या यादीत पहिल्या पानावर ठेवा, पुरुष डॉक्टरांनी मांडला तर आणखी बरं.

आणि आरएमओंना, म्हणजे वॉर्डात ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरांना विसरू नका. रात्री तीन वाजता तुमच्या पेशंटजवळ तेच असतात, त्यांचं काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, ड्यूटीचे तास कुठे लिहिलेले नसतात, मारहाण झाली तर पोलिसात कोण जाणार तेही नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५०,००० पर्यंत दंड, पण तक्रार हॉस्पिटलने द्यायची हे कागदावर हवं. कमिटीने त्यांचे दोन मुद्दे तरी सोबत न्यावेत.

सही झाली, आता खरं काम

बहुतेक जण इथे थांबतात. आमचा अनुभव असा की ठरलेलं कोणी मुद्दाम मोडत नाही, ते बिलिंगच्या सिस्टीमपर्यंत पोचतच नाही. फायनल काँट्रॅक्ट एचआरच्या कपाटात आणि बिलिंगवाला जुन्याच मास्टरवर, म्हणजे सिस्टीममधल्या दरांच्या जुन्या यादीवर काम करतोय.

सही करताना प्रत्येक पानावर आणि परिशिष्टावर दोघांची सही, स्टॅम्प पेपरवर, आणि एक मूळ प्रत तुमच्याकडे. "नंतर पाठवतो" ऐकू नका. मग पहिल्याच आठवड्यात बिलिंग, फायनान्स आणि कमिटीचा एक माणूस असे बसून टॅरिफ मास्टरमध्ये फी भरलेली स्वतः स्क्रीनवर बघा. आम्ही बसलो तेव्हा बत्तीसपैकी सात प्रोसिजर चुकीच्या कोडला जोडलेल्या निघाल्या.

पहिले तीन महिने पेआउट दोन्ही पद्धतींनी काढून मागा, जुन्याही आणि नव्याही, पैसे नव्याप्रमाणेच पण तुलना समोर हवी. हे बोलणी चालू असतानाच कबूल करून घ्या, नंतर कोणी देत नाही. स्टेटमेंट पेशंटप्रमाणे हवं, यूएचआयडी (पेशंटचा हॉस्पिटलमधला नंबर), तारीख, प्रोसिजर, पेयर, बिल, कपात कशाची, तुमची फी. नुसती एक ओळ आणि खाली एकूण असं स्टेटमेंट स्वीकारू नका. तुमच्याकडे स्वतःची वही हवीच, मी ओटीतून बाहेर पडल्यावर कपडे बदलायच्या आधी फोनमध्ये तीन गोष्टी टाकते, यूएचआयडी, काय केलं, कॅश की टीपीए. महिन्याच्या शेवटी जुळवायला अर्धा तास लागतो. पहिल्या महिन्यात माझ्या चार केसेस दुसऱ्या सर्जनच्या नावावर गेल्या होत्या, दोन इमर्जन्सी रात्रीच्या दराऐवजी दिवसाच्या दराने, सगळं मेल केल्यावर पुढच्या पेआउटमध्ये आलं, कोणाशी भांडावं लागलं नाही.

दर तिमाहीला २६एएस किंवा एआयएस (आयकर खात्याचं वार्षिक माहिती पत्रक) उघडून हॉस्पिटलने तुमच्या नावावर दाखवलेली रक्कम स्टेटमेंटच्या बेरजेशी ताडून बघा. फरक दिसला की सीएला पाठवा आणि हॉस्पिटलच्या अकाउंट्सला लेखी विचारा, मार्चमध्ये सगळे धावत असतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही. जीएसटीचं कोणी घाबरवलं तर २०१८ चं परिपत्रक दाखवा, हॉस्पिटलने नेमलेल्या डॉक्टरांची उपचाराची फी करमुक्त आहे.

कमिटी मोडू नका. आम्ही महिन्यातून एकदा, दुसऱ्या बुधवारी, दुपारच्या ओपीडीनंतर अर्धा तास बसतो, फायनान्सचा माणूसही येतो, ज्याची जी तक्रार असेल ती एका शीटवर, तारीख आणि केस नंबर घालून. तिसऱ्या महिन्यात ॲनेस्थेशियाची फी सर्जन फीपासून वेगळी करायचं ठरलं, ते तोंडी न ठेवता दोन पानांचं पुरवणी पत्र करून घेतलं, कारण मूळ काँट्रॅक्टमध्ये लिहिलंय की लेखी बदलाशिवाय कुठलाही बदल मान्य नाही, आणि ते दोन्ही बाजूंना लागू होतं.

शेवटची गोष्ट, कालावधीचा क्लॉज परत वाचा. आमचं दोन वर्षांचं आहे आणि संपायच्या ९० दिवस आधी कोणी काही कळवलं नाही तर जुन्याच फीवर आणखी दोन वर्षं आपोआप पुढे जातं. ती ९० दिवसांची तारीख नाही, त्याच्याही दोन महिने आधीची तारीख फोनमध्ये टाका, कमिटीतल्या सगळ्यांच्या, कारण नवीन यादी करायला आणि बारा महिन्यांची स्टेटमेंट परत गोळा करायला तेवढा वेळ लागतोच.